टिकलीची जागा

शाहूपुरी, कोल्हापूर
१२ नोव्हेंबर २०२४

चि. अवंतिका,

आशीर्वाद. पाकीट पाहून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे आणि गडमुडशिंगीला तुझे आईवडीलही बरे आहेत. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू "हो आत्ती, हो आत्ती" करून उरकतेस. शिवाय माझा आवाज वर्गात कमावलेला, खालच्या सायकलच्या दुकानापर्यंत सगळं ऐकू जातं. तू पुण्याला हॉस्टेलवर होतीस तेव्हा आपलं पत्रांवर बरं चाललं होतं.

विचारायचं आहे ते माझ्या कपाळाविषयी.

तुझे आतोबा गेल्यावर मी टिकली लावायचं सोडलं नाही, हे तुला माहीत आहे. त्यात बंड वगैरे काही नव्हतं. सकाळी आरशात ओळखीचा चेहरा दिसावा, एवढंच. तुझी आई अधूनमधून सुनवायची, "वन्सं, आता हे बरं दिसत न्हाय." मी म्हणायची, मला दिसतं. अशी बरीच वर्षं गेली. मग एकदा टिकली काढली तर खाली तिच्याच मापाचा पांढरा गोल. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, टिकलीच्या मागच्या डिंकात एक रसायन असतं, काही जणींना ते बाधतं. टिकली बंद करा आणि हे मलम लावा. टिकली बंद केली. मलम नेमानं लावलं. रंग परत आला, म्हणून मलम थांबवलं. कोर्स पूर्ण झाला की औषध थांबतं, असं मी मुलींना शिकवलेलं आहे.

दिवाळीच्या आधी डाग पुन्हा आला. तिथंच आला आणि तेवढाच गोल आला. मधल्या काळात टिकली कपाळाला शिवलेलीसुद्धा नाही.

तर माझा प्रश्न असा. तीच जागा का? रक्त सगळ्या अंगभर फिरतं आणि पांढऱ्या पेशी रक्ताबरोबर फिरतात, हे मी फळ्यावर आकृती काढून नोकरीभर शिकवलं. फिरत्या गोष्टीला माझ्या अंगाची एवढी कातडी सोडून टिकलीएवढंच कपाळ कसं सापडतं?

तुझं संशोधन कातडीतल्या पेशींवर चालतं, म्हणून तुला विचारते. आणखीही एक कारण आहे. डाग पहिल्यांदा आला तेव्हा भावकीत बोललं गेलं की विधवेनं टिकली लावली, देवानं तिथंच खूण केली. मी म्हणायची, डिंकामुळं झालं, आणि तोंडं बंद करायची. आता डिंक नाही, तरी डाग आहे. उत्तर नसताना बोलायची मला सवय नाही. त्यामुळं हल्ली मी बोलतच नाही. महिला मंडळाच्या वाचनालयात जाणंही थांबवलं आहे.

ऋतुराजच्या अनुजाला सातवा लागला. तू आत्या होणार. तब्येत सांभाळ. आमच्या जावयाला, धवलला, आशीर्वाद.

तुझी आत्ती,
संयोगिता


ग्लासगो
२ डिसेंबर २०२४

प्रिय आत्ती,

तुझं पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन फिरून आलं. घर बदललंय, लॅबच्या जवळ आहे. नवा पत्ता पाकिटावर लिहिलाय.

"तीच जागा का?" हा प्रश्न विचारायचा मला इथं पगार मिळतो, आणि तू तो शाहूपुरीत बसून फुकट विचारलास. तेव्हा उत्तर नीट देते.

तू शिकवलंस ते चूक नव्हतं, अपुरं होतं. तेव्हाच्या पुस्तकात पुढचं नव्हतंच. असं बघ. गणपतीच्या मिरवणुकीला बंदोबस्तासाठी बाहेरगावचे पोलीस येतात. मिरवणूक संपली की गाड्यांत बसून परत जातात. तुझ्या आकृतीतल्या पांढऱ्या पेशी त्या. पण त्यातले काही परत जातच नाहीत. जिथं दंगा झाला त्याच गल्लीत खोली घेऊन राहतात. रक्तात पुन्हा उतरत नाहीत. कातडीत, आतड्यात, फुप्फुसात, जिथं एकदा काम पडलं तिथं वर्षानुवर्षं बसून असतात आणि पहिला दंगा कुणी केला ते लक्षात ठेवतात. तोच चोर परत आला तर ठाण्यावरून कुमक यायची वाट न बघता तिथल्या तिथं धरतात. म्हणजे मुळात हे आपल्या भल्याचंच आहे.

घोटाळा होतो तो ओळख चुकली की. तुझ्या कपाळात रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, आपण त्यांना रंगारी म्हणू. डिंकातल्या रसायनानं त्या जखमी झाल्या, आणि जखमी रंगारी पोलिसांना संशयास्पद वाटला. त्याला चोर समजून मारलं. टिकली गेली, रसायन गेलं, पण तो संशय मनात धरून बसलेले पोलीस त्याच गल्लीत राहिले. टिकलीएवढ्याच गल्लीत, कारण दंगा तेवढ्यातच झाला होता.

मलम त्यांना मारत नाही, आत्ती. ते एवढंच करतं की त्यांची शिट्टी कुणाला ऐकू जाऊ देत नाही. शिट्टी ऐकू गेली नाही की आणखी पोलीस येत नाहीत, आणि केसांच्या मुळाशी लपलेले नवे रंगारी हळूहळू बाहेर येऊन रंग भरतात. तू मलम थांबवलंस, शिट्टी पुन्हा ऐकू जायला लागली. कपाळ गव्हाळ दिसत होतं तेव्हासुद्धा ते पोलीस तिथंच होते. हा कोर्स नाही. तुझ्या ब्लडप्रेशरच्या गोळीसारखं आहे, डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवायचं.

तेव्हा देवबिव काही नाही. डॉक्टरांकडे जा, मलम पुन्हा सुरू कर, उन्हाचं ते काय सांगतील ते ऐक. आणि चिकटवायची टिकली पुन्हा कधीच नको. तासाभरासाठीसुद्धा नको. त्यांना निमित्तच हवं असतं.

वाचनालयात जायला लाग. लोकांना हे सगळं सांग. तुझ्यापुढं कोण बोलणार?

धवल बरा आहे, कामात असतो. आमचा एक फोटो पाठवते आहे.

तुझी,
अवंतिका


शाहूपुरी
५ जानेवारी २०२५

चि. अवंतिका,

पत्र मिळालं. नीट लिहिलं आहेस. तुझ्या अक्षराला मात्र पूर्वीसारखी शिस्त राहिलेली नाही.

डॉक्टरांकडं जाऊन आले. मलम सुरू केलं आहे. त्यांना तुझी गल्ली आणि पोलीस सांगितले, तर ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, हे मी पेशंटना सांगत जाईन." मी म्हटलं, भाचीचं नाव घेऊन सांगा.

वाचनालयातही गेले. तिथं नेहमीच्या बायका होत्या. तुझं सगळं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं. एकीनं विचारलं, "म्हणजे ते पोलीस एकाच्या अंगावरनं दुसऱ्याच्या अंगावर जात न्हाईत न्हवं?" मी म्हटलं, तेच तर तासभर सांगते आहे, ते कुठंच जात नाहीत. तिनं मान डोलावली. मग चहा आला. तो मला कागदी पेल्यात दिला, त्यांनी स्वतः कपबशीत घेतला. मी चहा संपवला, पेला चुरगाळून टाकला आणि घरी आले.

समजलेलं असणं आणि जवळ बसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला या वयात नव्यानं कळायला नको होतं.

अनुजाचं डोहाळजेवण झालं. मला दुसऱ्या दिवशी कळलं, ऋतुराज डबा घेऊन आला तेव्हा. पाच प्रकारचे भात होते. मुलगा खाली मान घालून उभा होता, म्हणून मी त्याला काही विचारलं नाही. संध्याकाळी तुझ्या आईचा फोन आला. म्हणाली, "वन्सं, पोटुशी बाई हाय, तिच्या नजरंला कशाला. राग मानू नका." राग मानला नाही. पुलाव चांगला होता, तेवढं सांगितलं.

आता बारशाचं. बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं, आणि आत्या तू आहेस. तेव्हा तूच ये. मी बारशाला जाणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. स्वयंपाकघराच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर मला बसायचं नाही. तुझ्या बारशाला तुझ्या कानात नाव मी सांगितलं होतं. तुझ्या आजीनं सुचवलेलं नाव बाजूला सारून मी अवंतिका म्हटलं, आणि तोवर सगळ्यांना ऐकू गेलं होतं. ऋतुराजचंही मीच ठेवलं. ते तेवढं माझं झालं. आता तुझी पाळी.

एक शंका. या पोलिसांना त्या गल्लीतून कायमचं हुसकून लावता येत नाही का?

तुझी आत्ती


ग्लासगो
२८ जानेवारी २०२५

प्रिय आत्ती,

कागदी पेल्याचं वाचून मी लॅबमध्ये कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. असली तू मला नको, आत्ती. पेला टेबलावर आपटून "कपबशी आण" म्हणणारी हवी.

तुझ्या शंकेवरच माझं काम चालू आहे. या पेशी त्या जागी जिवंत राहतात त्या आसपासची कातडी त्यांना रोज एक निरोप पोचवते म्हणून. डबा पोचवते म्हण. आम्ही उंदरांमध्ये तो डबा बंद करून बघतो. डबा मिळाला नाही की त्या हळूहळू नाहीशा होतात, रंग येतो, आणि औषध थांबवल्यावरही बराच काळ टिकतो. माणसांवर चाचण्या चालू आहेत, पण अजून वेळ लागेल. आणि एक अडचण आहे. याच पेशी जुन्या विषाणूंवरही पहारा ठेवतात. सगळ्यांचा डबा बंद केला तर खरे चोर मोकळे सुटतील. रंगाऱ्याला मारणारे आणि चोराला धरणारे दिसायला जवळजवळ सारखेच असतात. त्यांना वेगळं कसं काढायचं, ते आम्हाला अजून नीट जमलेलं नाही.

बारशाला मला येता येणार नाही. प्रयोगाचे उंदीर नेमके तेव्हाच मोजायचे आहेत, दुसऱ्या कुणावर सोपवता येत नाहीत. तू म्हणशील निमित्त. तसं नाही.

माझ्या जागी तू उभी राहा. आत्या येऊ शकत नसेल तर तिनं सांगितलेली बाई नाव घेते, असं आईच मागे म्हणाली होती, तिच्या माहेरी झालं होतं तसं. मी आईला, ऋतुराजला, अनुजालाही फोनवर सांगितलंय: आत्तीच. आई म्हणाली, "बघू."

मुलगा झाला तर त्यांचं राजवीर ठरलंय. मुलगी झाली तर मी केतकी सांगितलंय. अनुजाला आवडलं.

माझ्यासाठी जा. मी एवढं कधी मागितलं नाही.

तुझी,
अवंतिका


शाहूपुरी
२० फेब्रुवारी २०२५

चि. अवंतिका,

मुलगी झाली हे तुला फोनवर कळलं असेलच. अनुजा आणि बाळ दोघी सुखरूप आहेत. बारसं मार्चमध्ये सव्वा महिन्यानं, गडमुडशिंगीच्या घरी.

उंदरांचं कारण मला सांगू नकोस. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली आहे. उंदरांना चार दिवस कुणीही दाणा घालतं. तुझ्या न येण्याचं कारण दुसरं आहे. ते तू सांगितलं नाहीस, म्हणून मी विचारत नाही.

मलम सकाळ-संध्याकाळ लावते. डागाच्या कडेनं टाचणीच्या डोक्याएवढे दोन-तीन गव्हाळ ठिपके आलेत, असं मला वाटतं. डॉक्टर म्हणतात, घाई करू नका.

जायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. तू मागितलं आहेस, एवढं लक्षात आहे.

तुझी आत्ती


ग्लासगो
२४ मार्च २०२५

आत्ती!

ऋतुराजनं काल फोनवर फोटो पाठवला. तू पाळण्यावर वाकली आहेस, केतकीच्या कानाशी. म्हणजे तूच नाव घेतलंस! आणि कपाळ! मी फोटो मोठा करून करून बघितला. एक पांढरा ठिपकासुद्धा नाही. टिकलीही नाही. इतक्या थोड्या महिन्यांत असा निकाल मी कुठंच बघितलेला नाही. कडेनं ठिपके आलेत म्हणून तू गेल्या महिन्यात लिहिलंस, आणि आता हे!

मी लॅबमध्ये सगळ्यांना दाखवला. माझी आत्या म्हणून. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, यांच्याकडून मलम कसं लावायचं ते शिकायला हवं.

फोटो फोनच्या पडद्यावर लावून ठेवलाय. सकाळी उठले की पहिला चेहरा तुझा दिसतो. बरं वाटतं.

मलम थांबवू मात्र नकोस. आणि सगळं सविस्तर लिही. आईला विचारलं तर नुसती म्हणते, "झालं बाई छान." पत्र का नाही पाठवलंस?

तुझी,
अवंतिका


शाहूपुरी
१२ एप्रिल २०२५

चि. अवंतिका,

तुझ्या प्रमुख बाईंना सांग, फोटोवर जाऊ नका. डाग आहे. तो फोटोवाल्यानं घासून काढला आहे.

आता क्रमानं लिहिते.

बारशाला गेले. सकाळच्या केएमटीनं गेले, म्हणजे परत फिरायचं झालं तर परतीची बस मिळावी. घर बायकांनी भरलं होतं. तुझी आई लगबगीनं आली, माझ्या हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटलं. तिच्या हातात टिकल्यांचं नवं पाकीट होतं.

"वन्सं, एवढी लावा की. फोटो हाईत, व्हिडिओ हाय. हातकणंगल्याचे पावणे आल्यात, ते काय म्हणतील? टिकलीखाली डाग झाकंल आन् मग बिनघोर नाव घ्या तुम्ही."

मी म्हटलं, "अगं, इतकी वर्षं काढा काढा म्हणत होतीस ना?"

"तवाचं येगळं हुतं."

"ठीक आहे. मग कुंकू लाव. करंडा आण बाहेरचा. त्यानंही झाकेल, आणि त्याला डिंक नसतो."

ती एक पाऊल मागं सरली. "कुंकू कसं लावू वन्सं? कुंकू ते कुंकू. ही नुसती फॅशन हाय. फॅशनला कोण काय म्हणतंय?"

हे तिनं अगदी मनापासून सांगितलं. तिच्या हिशेबात ती मला वाट काढून देत होती. कुंकू माझ्यासाठी बंद, टिकली चालेल. माझ्या कातडीच्या हिशेबात नेमकं उलटं आहे. दोन्ही हिशेब एकाच कपाळावर आले होते.

तुला खरं सांगते, पाकीट मी हातात घेतलं. मरून रंगाच्या होत्या. माप माझंच होतं. इतकी वर्षं जी नको म्हणत होती, तिच्या ते माप लक्षात राहिलं होतं. तासाभराचा तर प्रश्न, लावून टाकावी आणि सगळ्यांत जाऊन बसावं, असं वाटलं. कुणाच्या तरी मध्ये बसून किती महिने झाले होते! एक टिकली कागदावरून सोडवलीसुद्धा. बोटाला तो डिंक लागला आणि तुझी गल्ली आठवली. तिथं बसलेले आठवले. टिकली परत कागदावर चिकटवली आणि पाकीट तुझ्या आईला दिलं.

"नाही लावणार. कपाळ आहे असं आहे."

"मग मी काय करू सांगा," ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली. रडवेली झाली होती. बाहेर जाऊन तिनं हातकणंगल्याहून आलेल्या आपल्या बहिणीच्या मुलीला पाळण्याशी उभं केलं. मी मागोमाग बाहेर आले आणि मोकळी होती त्या खुर्चीवर बसले. प्लास्टिकची होती, स्वयंपाकघराच्या दाराशी होती. जाणार नाही म्हणून तुला लिहिलं होतं ती हीच.

पाळणा म्हणून झाला. केतकी कळवळून रडत होती. ती हातकणंगल्याची मुलगी वाकायची, बाळ आणखी ओरडायचं, ती उठून हसायची. असं दोनदा झालं. शेवटी अनुजाच वैतागली. लेकीला दूध पाजायचं राहिलं होतं तिचं. पाटावरूनच म्हणाली, "आत्ती, अवंतिकाताईंनी तुम्हाला सांगितलंय न्हवं? मग बसलाय काय? या की लवकर, ही भुकेली हाय."

कुणाला काही सुचायच्या आत मी उठले होते. मधल्या बायकांनी पाय आवरून घेतले. त्यांनी वाट दिली की अंग चोरलं, ते मी बघितलं नाही. तुझ्या आईनं आपल्या बहिणीच्या मुलीचा हात धरून तिला बाजूला घेतलं, तेवढं बघितलं. मी वाकले, कुर्र केलं आणि नाव सांगितलं. आवाज वर्गातला निघाला. केतकी दचकली आणि गप्प झाली. पहिल्या तासाला पाचवीच्या मुली व्हायच्या तशी.

तिच्या कानाला दुधाचा वास येत होता.

जेवले, बसनं परत आले. कुलूप काढलं, आत आले, पदर सोडायच्या आधी तुला लिहायला बसले. सांगावं असं दुसरं कोणी नव्हतं. पण मायन्यापुढं काही न सुचणाऱ्या लहान मुलीसारखी नुसती तुझं नाव लिहून बसले. पुढं काही लिहवेना. म्हणून उशीर.

मग ऋतुराज तो फोटो चौकटीत घालून घेऊन आला. मोठ्या हौशीनं आणला होता. बघते तर माझं कपाळ तिशीतल्यासारखं. डाग नाही, आठी नाही. आठ्या तरी माझ्या स्वतःच्या कमाईच्या आहेत. फोटो आमच्याच गल्लीच्या टोकाच्या बाळासोनं काढला होता. मी चौकट उचलली आणि त्याच्या स्टुडिओत गेले.

"हे काय केलंस?"

"काय झालं मॅडम? समद्यांचंच करतोय की. तुमच्या भावजयीच्या तर सुरकुत्या काढून दात पण पांढरे केले."

"माझं कपाळ मला परत दे."

तो कॉम्प्युटरवरून वळला. "डाग ठेवून?"

"डाग ठेवून."

"अवो, लोक काढायला येत्यात. ठेवा म्हणून येणारं पावणं पयल्यांदाच बघतोय." पण त्यानं मूळ फोटो शोधला. पडद्यावर आला. त्यात माझं कपाळ पांढऱ्या गोलासकट केतकीच्या कानाजवळ आहे, माझं तोंड उघडं आहे, नाव अर्धं बाहेर आलेलं आहे. आणि मागं तुझी आई उभी आहे. टिकल्यांचं पाकीट अजून तिच्या मुठीत आहे. तिचं लक्ष बाळाकडं नाही, माझ्याकडं आहे. चौकटीतल्या फोटोत बाळासोनं ते पाकीटही पुसून टाकलं होतं. मी त्याला म्हटलं, याच्या दोन प्रती काढ.

एक भिंतीवर लावली. दुसरी सोबत पाठवते आहे. तुझ्या फोनवरची बाई काढून टाक. सकाळी उठल्यावर बघायचंच असेल तर हिला बघ.

आता तुझं. डिसेंबरात तू धवलबरोबरचा फोटो पाठवलास. त्यात तुझ्या गळ्यात मी विणलेला निळा मफलर आहे. तो हरवला म्हणून गेल्या वर्षी तूच हळहळून फोन केला होतास. म्हणजे फोटो त्याच्याही आधीचा. पाकिटावरच्या पत्त्यात पूर्वी घराचा नंबर असायचा, आता खोलीचा असतो. बारशाला यायचं टाळलंस, कारण पहिल्याच बाईनं "जावई कुठायत?" म्हणून विचारलं असतं. आणि कागदी पेल्याचं वाचून कोपऱ्यात जाऊन उभं राहणारी मुलगी कपबशीत चहा पिणारी नसते. हे मी डिसेंबरपासून जोडत होते. कारण मला नको. चूक कुणाची तेही नको. ते तू आणि धवल बघून घ्या.

तुझ्या आईला मी काही बोललेले नाही आणि बोलणार नाही.

वाचनालयात जाते. पेला कागदीच असतो. मी आता घरून कप नेते, चहा त्यातच ओतायला लावते. शेजारची खुर्ची बहुतेक मोकळीच असते. पिशवी ठेवायला बरी पडते. ठिपके सहा झाले आहेत. मलम चालू आहे.

सोबतचा फोटो मिळाला की तुझा एक पाठव, बाळासोसारख्या कुणी हात न लावलेला. तुझ्या खोलीतला, आत्ताचा. एकटीचा असला तरी चालेल.

तुझी आत्ती,
संयोगिता